पावणं, किती इटा?

किस्से कुठं साठतात यावर माझं एक मत आहे. ऑफिसातले किस्से चहावर साठतात, लग्नातले जेवणावर. पण सगळ्यात टिकाऊ किस्से साठतात ते माणसं धापा टाकत असतात तिथं, कारण धाप लागलेल्या माणसाला खोटं बोलायला दम उरत नाही! आमच्या शिवाजी पेठेतल्या तालमीच्या पटांगणात मी सात-आठ वर्षं धापा टाकल्या. परवा त्या बॅचमधले आम्ही तिघं-चौघं भेटलो. एकानं एक काढला, दुसऱ्यानं दुसरा, आणि समोरचा चहा गार झाला.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. तालमीत पोरं कमी यायला लागली होती. आमचे वस्ताद तात्या, म्हणजे पैलवान घडवणारे गुरू, एक दिवस म्हणाले, "पैलवान येत न्हाईत तर माणसं येऊ देत की!" आणि त्यांनी साध्या माणसांसाठी सकाळची बॅच काढली. पैलवान आत लाल मातीत, आम्ही बाहेर फरशीवर.

व्यायाम मात्र पैलवानांचाच. जोर, बैठका, मुदगल, दोर. तात्या हातातली काठी फरशीवर आपटायचे की सुरू, पुन्हा आपटली की बंद. मधल्या वेळात सगळ्यांनी जीव तोडून करायचं, आणि आपले किती झाले ते मोजायचं नाही. मोजलं की शेजाऱ्याकडं बघणं आलं, असं तात्यांचं म्हणणं.

आता एकाच पटांगणात साठीच्या बाई आणि पंचविशीचा गडी एकच व्यायाम कसा करणार? तर तात्यांनी विटा आणल्या. जोर मारताना हात फरशीवर टेकायच्या ऐवजी विटांच्या थरांवर टेकायचे. थर जेवढा उंच, तेवढा जोर हलका. बैठकीला पाठीमागं थर लावायचा, बूड विटेला लागलं की उठायचं. अंगात ताकद आली की एक थर कमी.

नवा माणूस आला की तात्या विचारायचे, "पावणं, किती इटा?" बाप्ये छाती काढून "शून्य" म्हणायचे, बायका "तुम्हीच ठरवा" म्हणायच्या. उत्तर तात्या अगदी मान देऊन ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे.

"आपलं माप आपुन काढायचं न्हाय," ते म्हणायचे. "माणूस सोताला एक तर लई धरतंय, न्हायतर लई सोडतंय!"

*

पहिला किस्सा माझाच सांगितला पाहिजे.

मी कांबळे. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीतल्या एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर. दिवसभर व्हर्निअर घेऊन लोखंडी पीसची मापं काढायची आणि चुकीचा पीस बाजूला ठेवायचा, हे माझं काम. वाकून वाकून पस्तिशीतच कंबर धरली होती.

"पावणं, किती इटा?"

"शून्य."

"बरं."

काठी आपटली. पहिला जोर खाली गेला तो गेलाच. हनुवटी फरशीवर, हात दोन बाजूंना. तात्या शेजारी येऊन उभे राहिले. मी काय करतो ते त्यांनी मघाशी विचारून घेतलं होतं.

"इन्स्पेक्टर, आता काय म्हणायचं? पीस रिजेक्ट?"



"रिजेक्ट न्हाय," म्हणाले, "रिवर्कला ठेवू!" आणि सहा थर लावले. त्या दिवसापासून मी 'इन्स्पेक्टर' झालो. माझं पाळण्यातलं नाव तालमीत अजून कुणाला माहीत नाही.

*

तात्यांची एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

तरुणपणी एका कुस्तीत तात्यांचा उजवा गुडघा मोडला होता. तेव्हापासून त्यांनी चारचौघांत बैठक मारली नव्हती. आम्हाला शिकवायचे ते तोंडानं आणि काठीनं. चालताना उजवा पाय थोडा घासत यायचा. तो दर पावसाळ्यानंतर जास्त घासत होता, आणि आम्ही सगळे ते बघून न बघितल्यासारखं करत होतो.

बॅचमध्ये शाहूपुरीत दवाखाना असलेले एक डॉक्टर होते. त्यांनी एकदा सगळ्यांदेखत सांगितलं, "तात्या, हा पाय वापरला नाही तर आखडत जाणार. आज काठी आपटायला आहे. वर्षभरात टेकायला लागेल. मग खुर्ची. विटा लावून बैठका सुरू करा, अजून वेळ गेलेली नाही."

"इटा तुमास्नी," तात्या म्हणाले. "मला शून्य, न्हायतर काय न्हाय." आणि काठी अशी आपटली की फरशीचा टवका उडाला.

दुसऱ्याच्या पायाखालचं ज्याला इतकं बरोबर दिसायचं, त्याला स्वतःच्या पायाचं दिसू नये, याचा मला राग यायचा. अजूनही येतो.

*

जोशीबाई आल्या तेव्हा तालमीतली जुनी मंडळी तात्यांकडं तक्रार घेऊन आली. "तालमीत बायका?"

"तालमीत कुटं? फरशीवर हाईत की," तात्या म्हणाले. मंडळींनी फरशीकडं बघितलं, उंबऱ्याकडं बघितलं. मुद्दा बिनतोड होता.

जोशीबाई शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या बाई. त्यांचं मागणं सरळ होतं. "पुतण्याच्या लग्नात पंगतीला खाली बसले, तर दोघांनी धरून उठवलं. सगळी पंगत हात धुवायची थांबून माझ्याकडे बघत होती. मला आपली आपण उठता आलं पाहिजे, बस."

तात्यांनी आठ थर लावले. आमच्या बॅचमध्ये आठाच्या वर कुणी कधी गेलं नाही, आठ म्हणजे शेवट. बाई बसल्या, उठल्या. बसल्या, उठल्या. काठी आपटली तेव्हा घामानं निथळत होत्या.

"एवढ्या उंचावर बसायचं, याला व्यायाम म्हणायचं का हो?" त्यांनी विचारलं.

तात्यांनी शून्य विटांवर जोर मारून लोळत पडलेल्या एका गड्याकडं बोट केलं. "त्येची धाप आन् तुमची धाप, सांगा बाई, कंची मोठी?"

बाईंनी दोन्हीकडं कान दिला आणि म्हणाल्या, "बरोबर. उत्तर सारखं आहे."

*

तो लोळत पडलेला गडी म्हणजे प्रताप. शाहूपुरीत हार्डवेअरचं दुकान, बाहू मांडीएवढे. त्याला विटा लावायचा प्रश्नच नव्हता. पुढं सराव झाल्यावर तो भराभरा जोर मारायचा आणि बाकीच्यांकडं बघत बसायचा. तात्यांनी महिनाभर बघितलं.

"प्रताप, तुला सोपं पडतंय व्हय?"

"व्हय तात्या."

"बरं. बाई, ह्यो खाली जाईल तवा एक पाढा म्हणा. पाढा संपल्याबगर वर याचं न्हाय."

बाईंनी चष्मा सारखा केला. "कितीचा म्हणू?"

"तुमच्या मनाला यील त्यो."

बाईंना विचारलं आणि चुकलंच! "एकोणतीस एके एकोणतीस," बाईंनी शाळेच्या ठेक्यात सुरू केलं. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न. एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..." सत्त्याऐंशीलाच प्रतापचे हात लटपटायला लागले. एवढा धिप्पाड गडी, नाक फरशीपासून चार बोटांवर आणि आवाज रडवेला.

"बाई, पाया पडतो, दोनचा म्हणा की!"

*

ज्याचा थर कमी झाला त्यानं काढलेली वीट भिंतीकडंला नेऊन ठेवायची, असा रिवाज पडला. विटेवर खडूनं नाव. बाईंची पहिली वीट निघाली त्या दिवशी त्यांनी स्वतः पेढे आणले आणि विटेवर मोत्यासारख्या अक्षरात नाव घातलं. माझी पहिली निघाली तेव्हा मी बायकोला दाखवायला घेऊन आलो होतो, आता लपवण्यात अर्थ नाही.

हळूहळू त्या विटांचा कट्टा झाला. दमलेला माणूस त्याच्यावर बसायचा. प्रताप म्हणाला, "तात्या, दुकानातनं सिमेंटचं पोतं आणतो, पक्का बांधून टाकू."

"सिमेंट नको," तात्या म्हणाले.

"का?"

"परत लागंल कुणाला तरी. आजारपन येतंय, वय येतंय. इटा काय कायमच्या जात न्हाईत."

तेव्हा आम्हाला ते अशुभ बोलल्यासारखं वाटलं होतं.

*

डॉक्टरांचा किस्सा त्यांच्या परवानगीनं सांगतोय. परवानगी नसती तरी सांगितला असता!

डॉक्टर अंगानं भारदस्त. पेशंटला 'वजन कमी करा' सांगताना स्वतः खुर्चीत मावायचे नाहीत. बैठकीला सहा थर. एक दिवस त्यांचा एक पेशंट सहज तालमीत डोकावला. डॉक्टरांनी त्याला बघितलं आणि पायानं हळूच तीन थर मागं ढकलले.

काठी आपटली. डॉक्टर खाली गेले. विटेला टेकले. आणि राहिले तिथंच! चेहरा लाल, हात पुढं, तोंडातून शब्द फुटेना. पेशंट धावत आला, हात दिला, ओढून उभं केलं, पाठीवरून हात फिरवला आणि अगदी काळजीनं विचारलं,

"डॉक्टर, कवापासनं व्हतंय असं?"

*

माझ्यातला इन्स्पेक्टर एकदा गप्प बसेना. कंपनीतून व्हर्निअर आणला आणि व्यायाम झाल्यावर सगळ्या विटा मोजल्या. एकही वीट दुसरीसारखी नाही! जुनी वीट जाड, नवी पातळ, काही मधून झिजलेल्या. म्हणजे माझे पाच थर आणि डॉक्टरांचे पाच थर यांत चांगला दोन बोटांचा फरक. मी कागदावर तक्ता करून तात्यांना दिला.

"तात्या, ही पद्धत चुकती. इटा सारख्या न्हाईत."

तात्यांनी तक्ता उलटा धरून बघितला, सुलटा करून बघितला आणि परत दिला.

"माणसं सारखी हाईत व्हय?"

व्हर्निअर मी गुपचूप खिशात घातला. पण पुढच्याच आठवड्यात कंपनीत एक गोष्ट केली. आमचे एक वयस्कर ऑपरेटर जमिनीवरच्या पेटीतून वाकून वाकून जड पीस उचलायचे. कमरेला पट्टा लावून यायचे आणि कुणाला सांगायचे नाहीत. मी त्यांच्या पेटीखाली लाकडी पॅलेट रचले. पेटी कमरेएवढी आली. मॅनेजर बघायला आले. "कांबळे, ये कौनसा स्टँडर्ड है?"

"शिवाजी पेठ स्टँडर्ड, सर!"

ती पेटी त्यानंतर खाली उतरली नाही.

*

आता जरा हसू बाजूला ठेवतो.

त्या वर्षीचा पावसाळा गेला आणि तात्या एका सकाळी तालमीच्या पायरीवर अडखळले. पडले नाहीत, प्रतापनं धरलं. पण त्या दिवसापासून काठी आपटायची राहिली नाही, टेकायची झाली. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणंच. सुरू आणि बंद तात्या तोंडानं सांगायला लागले. काठी आपटायला उचलावी तर तोल जायचा.

मला राहवलं नाही. सगळे गेल्यावर म्हणालो, "तात्या, इटा हाईत की. आमी कोन हसनार हाय का?"

"तू मोज तुझ्या कंपनीत," म्हणाले आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाईट वाटलं ते बोलले नाहीत याचं नाही. घरी जाताना त्यांना गल्लीच्या कोपऱ्यावर दोनदा थांबताना मी लांबून बघितलं होतं, त्याचं वाटलं.

*

त्याच दिवसांत माझ्या वडिलांना घेऊन गेलो. अण्णांनी जन्मभर बांधकामावर विटा वाहिल्या. पेठेतल्या निम्म्या भिंती त्यांच्या डोक्यावरून गेलेल्या. या तालमीच्या दारावरून त्यांनी चाळीस वर्षं येजा केली, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांना कुणी 'या' म्हटलं नव्हतं आणि ते न बोलावता जाणारे नव्हते. त्या दिवशीही दाराशी थांबले. मीच हात धरला.

"जय भीम," अण्णा म्हणाले.

"जय भीम, पावणं. या, आत या. किती इटा?" सगळ्यांना विचारायचे तेच तात्यांनी त्याच आवाजात विचारलं.

अण्णा हसले. "व्हायल्या किती, ते इचारत असशीला तर मोजल्या न्हाईत."

तात्यांनी सात थर सांगितले, मी लावले. अण्णा बसले, उठले. पाच-सहा बैठका झाल्यावर त्यांनी मागं वळून तो थर हातानं थोपटला.

"आजपातूर ही माझ्या डोस्क्यावर हुती," म्हणाले. "आज पैल्यांदा खाली आली."

"हलकं वाटतंय न्हवं?" तात्यांनी विचारलं.

"हलकं वाटतंय. पर एक सांगू का वस्ताद? रागाला यिऊ नका." अण्णांनी तात्यांच्या टेकलेल्या काठीकडं बघितलं. "ही पोरं सांगत्यात तुमचं. इटंला लाजायचं काय? इटंचं कामच वजन घ्याचं हाय. भिंतीत लावली तर छपराचं घेती, खाली लावली तर मानसाचं. ती कुनाचं हाय ते बघत न्हाय."

 तात्या "सुरू!" म्हणून ओरडले आणि आम्ही गुमान बैठकांना लागलो. त्या दिवशी 'बंद' म्हणायचं ते विसरले. किती वेळ चाललं कुणास ठाऊक, शेवटी बाईच "बंद" म्हणाल्या.

अण्णा रोज यायला लागले. झालं की कट्ट्यावर बसून सगळ्यांकडं बघत राहायचे.

*

आणि मग ती सकाळ. थंडी पडली होती. बॅच भरलेली, अण्णा लवकर आटपून कट्ट्यावर बसलेले. तात्या नेहमीच्या जागी आले नाहीत. पाय घासत सरळ बाईंच्या पुढं गेले आणि काठी त्यांच्या हातात दिली.

"आज तुमी घ्या."

बाईंना वाटलं बरं नसेल. पण तात्या प्रतापच्या खांद्याचा आधार घेत रांगेच्या शेवटी गेले, नवा माणूस जिथं उभा राहतो तिथं, आणि आधार सोडून उभे राहिले. समोर बघत.

बाईंनी काठी दोन्ही हातांनी धरली.  रिवाज तो रिवाज. जन्मभर पेठेतल्या पोरांना शुद्ध बोलायला लावलेल्या बाई तालमीच्या भाषेत म्हणाल्या,

"पावणं, किती इटा?"

"शून्य," तात्या म्हणाले.

कुणी हसलं नाही. बाईंनीही उत्तर मान देऊन ऐकून घेतलं आणि सोडून दिलं. काठी बगलेत धरून त्या विटा आणायला गेल्या. प्रताप मदतीला धावला तर त्याला नजरेनंच बसवलं. एक थर. दोन. तीन. तात्या समोर बघत होते. चार. पाच. बाईंना धाप लागली, तरी थांबल्या नाहीत. सहा. सात. आठवा थर लावला आणि पटांगणातल्या सुट्या विटा संपल्या. आठ म्हणजे शेवट. बाई बाजूला झाल्या आणि काठी उचलली.

तात्यांनी वळून बघितलं. हात मागं नेऊन वरच्या विटेवर ठेवला, उंचीचा अंदाज घेतला. मग उजव्या गुडघ्याकडं बघितलं.  आणि मान वर करून कट्ट्याकडं बघत म्हणाले,

"अण्णा, उटा जरा. तुमच्या खालचा एक थर लागंल."